मेहुण्यांची अशासकीय विधेयकं

महाराष्ट्राची आमच्या मेहुण्यांइतकी काळजी करणारा आणि महाराष्ट्राच्या सुदैवाने त्याच्यापासून इतका लांब राहणारा दुसरा माणूस नसेल. मेहुणे म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. दुबईतल्या अल बर्शात आम्ही एकाच इमारतीत राहतो. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कंपनीत ते कंत्राटांचे मसुदे करतात आणि उरलेल्या वेळात कायदे. त्यांचा नागपूरचा शाळासोबती विधान परिषदेत आमदार आहे. दर अधिवेशनाआधी त्याच्या फोनवर मेहुण्यांची विधेयकं जाऊन पडतात. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ज्याचा चेहरा, त्यानेच तो दिवसभर हातांनी धरून उभं राहावं, हे एक. लग्नात जेवण अडवून भाषण करणाऱ्या पुढाऱ्याने शेवटच्या पंगतीपर्यंत वाढावं, हे दुसरं. इथे उन्हाळ्यात भरदुपारी बाहेरची कामं बंद ठेवतात. ते पाहून त्यांनी मिरवणुकांनाही तोच नियम लावला. कार्यकर्त्यांनी सावलीत बसायचं, नेत्याने उन्हात.

मसुदा पक्का, पण हात कंत्राटाचा. खड्ड्यांच्या विधेयकात शेवटचं कलम सवयीने उतरलं: वाद उद्भवल्यास निवाडा दुबईत होईल. मित्राचा लगेच फोन. "अबे, खड्डा नागपुरातला, न् भांडायला दुबईला येऊ काय बे?"

"इथे निकाल लवकर लागतो," मेहुणे शांतपणे म्हणाले.

शुक्रवारी इथे अर्धा दिवस सुटी आणि तिकडे आमदारांनी स्वतःहून मांडायच्या अशासकीय विधेयकांचा दिवस, हा योग ते दैवी मानतात. दुपारी टीव्हीवर सभागृह लागतं. घरात बहीण सभापती, मी विरोधी पक्ष.

"सभापती महोदया, मला बोलू द्या!" मेहुणे ओरडतात.

"खलास! पुरे झालं, आधी जेवून घ्या," सभापती म्हणतात.

"बाबा, यू डोन्ट ईव्हन व्होट देअर!" भाची एकदा म्हणाली.

"म्हणूनच तर मी निःपक्षपाती."

इतक्या वर्षांत मित्राने त्यांचं एकही विधेयक मांडलं नव्हतं. या वेळी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मात्र एक घेतलं. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या दारी रोज एकदा कुणीतरी जाऊन विचारपूस करणं पालिकेवर बंधनकारक. मेहुण्यांच्या आई नागपुरात एकट्या असतात. दुबईला यायचं नाव काढत नाहीत. गेल्या वर्षी त्या न्हाणीघरात पडल्या आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत कुणाला कळलं नाही. एरवी 'उद्देश व कारणे' पानंच्या पानं लिहिणाऱ्या मेहुण्यांनी या वेळी एकच ओळ लिहिली होती: फोन वाजतो, दार वाजत नाही.

मित्राची आमदारकीची मुदत संपत आली होती, म्हणजे ही शेवटचीच संधी. त्या शुक्रवारी मेहुणे इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसले. विरोधी पक्षाने तोंड उघडलं नाही. पहिल्याच विधेयकावर गोंधळ झाला, कुणीतरी कागद भिरकावले आणि सभागृह दिवसभरासाठी तहकूब झालं. मेहुण्यांच्या विधेयकाची पाळीच आली नाही. बहिणीने वाढलेलं ताट तसंच राहिलं.

संध्याकाळी मित्राचा फोन आला. "अबे, ते तर बोंबललं. पण परतताना काकूंकडे जाऊन आलो. बेल दाबली. मस्त आहेत. मला चिवडा दिला, न् तुझ्या तक्रारी सांगितल्या."

मला वाटलं, आता हे कलमावर बोट ठेवणार. रोज म्हणजे रोज. पण मेहुण्यांनी शर्टाची बाही उगाच सारखी केली आणि हळूच विचारलं, "बेल दाबल्यावर दार उघडायला तिला किती वेळ लागला रे?"