तिच्या नावापुढचा फाऊल

बोंडूंचा आंबूस वास आला की परसातलं ते काजूचं झाड आठवतं, कारण मोबाईलला रेंज फक्त त्याच्याखाली यायची. त्या दिवशी आई आणि मी तिथेच उभ्या होतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझी धाकटी बहीण पहिल्यांदाच तिच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघाकडून खेळत होती. सामना कुठे दाखवत नव्हते. मोबाईलवर प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे गुण, रिबाउंड, फाऊल असे नुसते आकडे बदलत होते. मध्यंतरानंतर बहिणीची ओळ थांबली. बाकीच्या सगळ्यांचे आकडे हलत होते, तिचे नाहीत. "पडली काय गो ती?" आईने विचारलं. मी पान पुन्हा उघडून बघितलं, ओळ तशीच. आईने डोक्यावर पदर घेतला आणि तिथेच गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, माझ्या चेडवाच्या नावाफुडे कायतरी चढांदे." "होय म्हाराजा," मी म्हटलं, पण नजर स्क्रीनवरून हलली नाही. बऱ्याच वेळाने तिच्या ओळीत एक आकडा चढला. "फाऊल आसा," मी सांगितलं, "कोणाक तरी धक्को मारल्यान." आईने डोक्यावरचा पदर खाली घेतला. "मारूंदे. उभी आसा मां." आता बहिणीचे सामने टीव्हीवर दिसतात. तिचा फाऊल झाला की तिचे कोच डोक्याला हात लावतात, आणि आमच्याकडे आई उठून देवापुढे साखर ठेवते.