चौथ्यांदा चुकलेला आकडा

शाखेत तिला सगळे कारणबाई म्हणायचे. आधी पाठीमागे, मग तोंडावर. शेवटी शाखेचे साहेबही एकदा फोनवर "आमच्या कारणबाईंना विचारून सांगतो" असं बोलून गेले आणि जीभ चावली. तिनं मनावर घेतलं नाही. कामच तसं होतं.

बँकेतला कोणीही कोणाचंही खातं उघडू शकतो. बाहेरच्यांना हे फारसं माहीत नसतं. आकडा टाकला की माणूस पुढ्यात येतो. त्याचं नाव, पत्ता, फोन, सही. अडवायला कोणी नसतं. संगणक फक्त गुपचूप टिपून ठेवतो की कोणी, कधी, काय उघडलं. काही काम न करता नुसत्या पाहिलेल्या खात्यांची यादी रोज सकाळी साडेनऊला छापून यायची. कारणबाई ती घेऊन टेबलाटेबलाशी जायची. ज्यानं पाहिलं त्यानं आपल्या ओळीपुढे आपल्या हातानं कारण लिहायचं. खाली तिची सही.

"कारण?" एवढंच ती म्हणायची.

'खातेदार समोर होते.' 'फोनवर चौकशी.' 'आकडा चुकला.' बहुतेक कारणं या तिन्हींतलीच असत.

"बाई, काल मला शिंक आली होती," रोखपाल म्हणायचा. "त्याचंही लिहू का?"

"कोणाच्या खात्यावर शिंकलात त्याचा आकडा लिहा."

घरीही ती तशीच. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकांसमोर तो म्हणायचा, "पंचवीस वर्षं बँकेतल्या बाईशी संसार करतोय. पण गल्लीत कोणाचं काय चाललंय ते मला केस कापायला गेल्यावरच कळतं." एकदा धाकट्या जावेनं मुलीसाठी आलेल्या स्थळाचं खातं बघायला सांगितलं होतं. "नुसतं बघायचंय हो, ताई. घ्यायचंय का काही त्यातलं?" कारणबाईनं नाही म्हटलं. जाऊ वर्षभर बोलली नाही. ते वर्ष बरं गेलं, असं कारणबाई अजून हसत सांगायची.

हे सगळं तिला शिकवलं मास्तरांनी. मास्तर म्हणजे शाखेतले सगळ्यांत जुने कारकून. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण शाखेत आलेला प्रत्येक नवा माणूस त्यांच्याच हाताखालून गेला होता. नोकरीच्या पहिल्या महिन्यात ती संगणकाचा पडदा उघडा टाकून चहाला गेली. परत आली तर संगणकाचं तोंड भिंतीकडे.

"त्याला लाज वाटली," मास्तर म्हणाले. "उघड्यावर टाकून गेलीस म्हणून."

तेव्हापासून ती पाणी प्यायला उठली तरी पडदा बंद करून उठायची.

दोन महिन्यांपूर्वी मास्तर दात काढायला सुट्टीवर होते. त्या दिवशी त्यांची मुलगी शाखेत आली. आधी काचेच्या दारातून आत बघितलं, मग आली. कारणबाईनं तिला फ्रॉकमध्ये पाहिलं होतं. आता ती तिशीला आलेली, खांद्यावर ऑफिसची बॅग, तोंड उतरलेलं.

"मावशी, बाबा नाहीत ना?"

"नाहीत. दात काढायला गेलेत."

"माहितीये. आईनं सांगितलं म्हणूनच आजचा दिवस धरला." ती बसली. "पत्ता बदलायचाय. आणि फोन."

फॉर्म भरता भरता ती थोडं थोडं बोलली. दीड वर्षापूर्वी तिनं घर सोडलं होतं. वडिलांनी कधी हात उगारला नव्हता. आवाजही चढवला नव्हता. पण ती कुठं जाते, किती वाजता येते, बरोबर कोण असतं, हे त्यांना कळावंच लागायचं. वेगळी राहायला लागली तर त्यांनी खोली शोधून काढली. सुट्टीच्या दिवशी समोरच्या फुटपाथवर डबा घेऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायचे. शेजाऱ्यांना विचारायचे. पहिल्या घरमालकानं महिन्यात हात जोडले. दुसऱ्या ठिकाणीही तेच झालं.

"ही तिसरी खोली. अजून त्यांना माहीत नाही. आता परत सामान बांधायचं माझ्यात त्राण नाही, मावशी. पगार याच बँकेत येतो, ऑफिसनं हीच धरलीये. पत्ता द्यावाच लागतो." तिनं फॉर्म पुढे सरकवला, पण बोटं त्यावरच ठेवली. "बाबांना दिसणार नाही ना?"

"नाही दिसणार," कारणबाई म्हणाली. "मी आहे ना."

हे पूर्ण खरं नव्हतं. मास्तरांना दिसू शकत होतं, ते शाखेतच तर बसत होते. पण त्यांनी पाहिलं तर यादीत येईल, यादीत आलं की आपल्याला कळेल. तिच्या लेखी दिसणार नाही आणि कळल्याशिवाय राहणार नाही या दोन गोष्टी एकच झाल्या होत्या. इतकी वर्षं तेच काम करून झाल्या होत्या. मुलीनं फॉर्मवरची बोटं उचलली.

मग एका गुरुवारी छपाईयंत्राची शाई संपत आली. यादी फिकी निघाली, उजवीकडचे आकडे तर दिसेचनात. कारणबाईनं पेन घेतलं आणि पडद्यावर बघून एकेक ओळ गिरवायला बसली. सातवी ओळ मास्तरांची होती. खात्याचे पहिले चार आकडे तिनं बघून लिहिले. पुढचे सहा न बघता हातानं आपणच लिहिले. तिनं पडद्यावर पाहिलं. बरोबर होते.

हा आकडा तिनं स्वतः लिहिला होता. दोन महिन्यांपूर्वी, मास्तरांच्या मुलीच्या पत्ता बदलायच्या फॉर्मवर.

यादीत नावं नसतात, नुसते आकडे असतात. तिनं कपाटातून मागच्या याद्यांच्या प्रती काढल्या. त्यांत तशाच आणखी तीन ओळी सापडल्या. पाच आठवड्यांत तीनदा, तेच खातं, तेच कारण. 'आकडा चुकला.' मास्तरांचं गोल, सुबक अक्षर. आणि खाली तिन्ही ठिकाणी तिची सही.

शाखेत कोणाचाही आकडा चुकायचा. मास्तरांचा चुकत नसे. हे तिला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. मास्तरांचं अक्षर दिसलं की ती ओळ वाचतच नव्हती, हेही तिला आत्ता कळलं.

मास्तर मागच्या खोलीत जुन्या सह्यांच्या कार्डांचे गठ्ठे लावत होते. तिनं चार कागद त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवले.

"मास्तर, कारण?"

"लिहिलंय की. आजचंही तेच."

"आकडा चुकला की माणूस दर वेळी वेगळ्या दारात जातो. तुम्ही चारही वेळा एकाच दारात गेलात."

मास्तरांनी चष्मा काढला. तो चष्मा तिच्या नवऱ्याच्या दुकानातला होता. बराच वेळ ते काच पुसत राहिले.

"मला वाटलं होतं, दुसऱ्यांदाच पकडशील."

"तुमचं अक्षर होतं. मी वाचलंच नाही."

"ते चुकलं तुझं."

"हो."

"कोणाचंही असलं तरी वाचायचं."

"हो, मास्तर."

बाहेर कोणीतरी शिक्के मारत होतं.

"पत्ता पहिल्यांदाच पाठ झाला," ते म्हणाले. "नंतर नुसतंच उघडलं. सही बघायला. लहानपणी माझ्यासारखी सही करायची. खाली रेघ ओढून. आता रेघ नाहीये."

"गेला होतात तिकडे?"

"नाही."

"जाणार आहात?"

ते परत काच पुसायला लागले. तिनं वाट पाहिली.

"रविवारी जाणार होतो. नुसता समोर बसेन. तिला कळणारही नाही."

"तिला कळतं. दोन घरं गेली तिची."

"बापानं मुलीला बघायचंही नाही का?"

"तिनं बोलावलं तर बघा. हा पत्ता तिनं तुम्हाला नाही दिलेला. बँकेला दिलाय."

"मी बँकेचाच आहे ना?"

"म्हणूनच."

मास्तरांनी चष्मा लावला. कागद एकावर एक नीट जुळवले, कडा सरळ केल्या आणि तिच्या हातात दिले. "निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय माझं."

"माहितीये."

"काय लिहिणार?"

"झालं ते."

"आणि तुझ्या तीन सह्या?"

ती धमकी नव्हती. ते काळजीनं विचारत होते. तेच तिला जास्त लागलं.

साहेबांनी चारही कागद दोनदा वाचले. मग खुर्ची मागे सरकवली.

"मुख्य कार्यालयाला कळवावंच लागेल. मास्तरांना चौकशी होईपर्यंत घरी बसवावं लागेल. तुम्हालाही विचारतील, बाई."

"विचारू देत. मुलीलाही कळवायला हवं."

"तिला कशाला? तिची तक्रार आहे का?"

"तिला माहीतच नाही. तक्रार कशी करेल?"

"अहो, घरचं प्रकरण आहे. बाप आणि मुलगी. उद्या दोघं एक होतील आणि मध्ये आपण वाईट. शिवाय बँकेचं नाव."

"रविवारी ते तिच्या दाराशी असतील. तेव्हा तिला कळेलच, आणि त्यांना पत्ता कुठून मिळाला तेही कळेल. ती माझ्या शब्दावर पत्ता देऊन गेलीये, साहेब."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मी जेवायला चाललोय. अर्ध्या तासात येतो." दारात थांबले. "पाऊण तास धरा."

नवा फोन नंबर मिळवायला कारणबाईला मुलीचं खातं उघडावं लागलं. उद्याच्या यादीत तिचीही ओळ येणार होती. त्या ओळीपुढचं कारण खरं की खोटं हे कोण तपासणार, याचं उत्तर बँकेत कोणाकडेच नव्हतं. इतक्या वर्षांत तिला तो प्रश्न पडला नव्हता. तिनं फोन लावला.

आपण कोण ते सांगितलं. मग आडवळण न घेता बोलली. "तुझा पत्ता पाहिला गेलाय. बाबांनी. चार वेळा. ते अजून तिकडे गेलेले नाहीत. रविवारी जायचं त्यांच्या मनात होतं. आत्ता काय आहे ते मला माहीत नाही."

पलीकडे ऑफिसचा आवाज होता. मग दार लागल्यासारखं झालं आणि आवाज थांबला.

"तुम्ही म्हणाला होतात, दिसणार नाही."

"चुकीचं बोलले. शाखेत सगळ्यांनाच दिसतं. कोणी पाहिलं तेवढं मला कळतं. आणि तेही मी तीनदा न वाचता सोडलं."

"का?"

"त्यांचं अक्षर होतं म्हणून."

पलीकडे पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला.

"हे मला लिहून मिळेल?" मुलगी म्हणाली. "बँकेच्या कागदावर. तारखांसकट."

कारणबाईनं साहेबांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"मिळेल. शनिवारी ये."

साहेब परतले तेव्हा पत्राचा मजकूर टेबलावर होता. त्यांनी तो वाचला. दोन ठिकाणी 'कदाचित' घालायला सांगितलं, तिनं नाही म्हणून मान हलवली. मग 'दिलगिरी'च्या जागी 'खेद' घालता येईल का, असं विचारलं, तिनं 'दिलगिरी'च ठेवली. शुक्रवारभर मुख्य कार्यालयाशी फोन चालले. ते काय म्हणाले ते साहेबांनी शाखेत कोणाला सांगितलं नाही, पण संध्याकाळी त्यांनी पत्रावर सही केली आणि पेन जरा जोरातच टेबलावर ठेवलं.

शनिवारी मास्तरांची खुर्ची रिकामी होती. रोखपालानं सकाळपासून एकही विनोद केला नव्हता.

मुलगी आली ती बसली नाही. उभ्यानंच पत्र वाचलं. चार तारखा, चार वेळा, कोणी पाहिलं, काय पाहिलं. त्याखाली एक ओळ होती की यांतल्या तीन नोंदी तपासणी करणाऱ्या कर्मचारी महिलेनं न वाचता मंजूर केल्या, आणि पुढे कारणबाईचं नाव आणि हुद्दा.

"ही ओळ घालायला लावली साहेबांनी?"

"नाही. मीच घातली. नाहीतर तू विचारलं असतंस, पहिल्या वेळेलाच का नाही कळलं."

"विचारलंच असतं." तिनं पत्र उलटून मागची बाजूही पाहिली. तिथं काही नव्हतं. "आता माझं खातं कोण उघडू शकतं?"

"मुख्य कार्यालयातले दोघं. तेही दोघं मिळून, एकटा नाही. या शाखेतून कोणालाच उघडता येणार नाही. काही काम असलं तर त्यांना अर्ज जाईल."

"तुम्हाला?"

"मलाही नाही. मीच तसं लिहून मागितलं."

मुलीनं तिच्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं.

"आणि उद्या बाबा आले तर?"

या वेळी कारणबाईनं घाई केली नाही. "पत्ता त्यांच्या डोक्यात आहे. तो मला पुसता येत नाही. ते येतील की नाही, ते मी सांगू शकत नाही. सांगणारही नाही."

मुलगी थोडा वेळ काउंटरच्या कडेवर बोट फिरवत उभी राहिली. रडेल असं वाटलं, पण तसं काही झालं नाही.

"मागच्या दोन्ही वेळी घरमालकांना त्यांच्याकडून कळलं," ती म्हणाली. "त्यांच्या शब्दांत. बिचारा बाप, आणि मुलगी बघा कशी. मग मी काहीही सांगितलं तरी ते उलट उत्तर देणं झालं." तिनं पत्राची घडी घातली. "आत्ता घरमालकीणबाई घरी असतील. आधी मी सांगते."

"प्रत हवी का?"

"द्या. एक त्यांच्याजवळ ठेवते."

कारणबाईनं पत्र परत घेऊन प्रत काढली. मूळ कागद आणि प्रत एकमेकांशी ताडून पाहिली, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, आपलं नाव असलेल्या ओळीसकट. मग दोन्ही तिच्या हातात दिले. मुलीनंही तिथंच उभं राहून दोन्ही परत वाचले. कोणीच घाई केली नाही.