'नाही'मधला ह

परवा बोईसरच्या बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला आणि पस्तीस वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली. मला संगीत शिकायचं होतं. मुरबे गावचे माझे बाबा, बोटीवरचे खलाशी, मला मुंबईची कॉलेजं दाखवायला निघाले होते. त्यांच्या हातात कॉलेजातल्या सरांसाठी बोंबलांची पुडी.

पहिल्या कॉलेजात प्रवेशाच्या चाचणीत मी गाण्याच्या ओळीतलं 'नाही' सवयीनं 'नाय' असं गायले. सगळे खदखदून हसले. काय झालं ते न कळून बाबाही हसले. कळल्यावर त्यांनी बाहेरच्या बाकावर माझ्याकडून तो शब्द घोटून घेतला. "ना-ही. आता चुकायचा नाय, पोरी."

दुसऱ्या कॉलेजात मी बिनचूक गायले. सर खूश झाले. मग नाकाला रुमाल लावून त्यांनी दाराशी उभ्या बाबांकडे पाहिलं.

"हे वडील का तुमचे?"

"नाही," मी म्हणाले.

बाबांना ऐकू गेलं नसेल, अशी मी कितीतरी वर्षं स्वतःची समजूत काढली. पण त्यांनी पुडी पाठीमागे लपवली होती आणि मान डोलावली होती. शब्द बरोबर आला होता.