सतरा नंबरचा फॉर्म

साक्रीच्या मिशन शाळेत गणित शिकवायला लागून मला सात वर्षं झाली होती. एप्रिलमध्ये नववीचा निकाल ठरवायला आम्ही सगळे शिक्षक बसलो होतो. एका मुलीचं नाव आलं तशी मी म्हणाले, "हिला सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगू या."

सतरा नंबर म्हणजे दहावीला बाहेरून बसणं. शाळा सोडायची, घरी जमेल तसा अभ्यास करायचा आणि थेट परीक्षेला जायचं. कच्ची मुलं अशी अलगद बाजूला केली की शाळेचा निकाल स्वच्छ लागतो. आमच्या शाळेने हे कधी केलं नव्हतं. पण लागोपाठ चार वर्षं आमचा निकाल शंभर टक्के लागला होता, ते आकडे फाटकाजवळच्या भिंतीवर रंगवले होते, आणि येता-जाता माझी नजर तिकडे जायची. ही मुलगी गणितात पास होणं शक्य नव्हतं. ते मला जितकं कळत होतं तितकं कुणालाच कळत नव्हतं.

आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर वसईकडच्या. बुटक्या, पन्नाशी ओलांडलेल्या, बोलणं अगदी हळू. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बाई, ही शाळा कुणासाठी काढली?"

"डोंगरातल्या मुलांसाठी," मी म्हणाले. ते शाळेच्या माहितीपत्रकात पहिल्याच ओळीत आहे.

"मग तिला काढायचं असेल तर तुम्ही तिच्या घरी जाऊन सांगा. मी सांगणार नाही."

मला राग आला. जाईन की, मला काय भीती आहे, असं मनात म्हणत दुसऱ्या दिवशी मी स्कूटी काढली.

मी स्वतः रावेरकडची, केळीच्या बागांतली. मिशनच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा वडिलांनी, आमच्या आबांनी, एकच विचारलं होतं, "तिथे टिकली लावू देतात ना?" देतात. चॅपलमध्ये कुणी जावं, कुणी जाऊ नये, हे ज्याचं त्याने ठरवायचं. पण इतकी वर्षं साक्रीत राहूनही मी एकाही पाड्यावर गेले नव्हते. शाळा, भाड्याची खोली आणि सुट्टीत जळगावची एसटी, एवढंच माझं जग होतं.

डांबरी रस्ता संपल्यावर अर्धा तास चालावं लागलं. मुलगी अंगण सारवत होती. मला पाहून ती हात मागे लपवून उभी राहिली. तिच्या आईने बाज टाकली, पाणी दिलं. घरात त्यांची बोली वेगळी. माझ्याशी ती बाजारातली अहिराणी बोलली. "मन्ही पोर डोकानी कच्ची शे, बाई. पन तिले शाळा आवडस."

मी मुलीला गणिताची वही आणायला सांगितली. तिने वर्षभराच्या तीन वह्या आणल्या. मी फळ्यावर सोडवलेलं एकूण एक गणित त्यांत होतं, सुंदर अक्षरात. एकदा फळ्यावर माझी चिन्हाची चूक झाली होती आणि मी ती नुसती तोंडी दुरुस्त केली होती. ती चूकही तिने तशीच उतरवली होती.

"यातलं कळतं का तुला?"

तिने मान हलवली. नाही.

"मग लिहितेस कशाला?"

"तुम्ही लवकर पुसता ना, बाई." मग वह्या गोळा करत तिने विचारलं, "माझ्यामुळे वर्गाला त्रास होतो का?"

सांगायला गेले होते ते सांगितलंच नाही. "जूनपासून सकाळी सातला शाळेत यायचं," एवढं बोलून मी निघाले.

सिस्टरांना मी हे सांगितलं तेव्हा 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी तिला वसतिगृहात जागा दिली, आणि सातच्या तासाला त्या स्वतः मागच्या बाकावर वह्या तपासत बसू लागल्या.

ते वर्ष सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. बीजगणित दूरच राहिलं, तिला साधा भागाकार येत नव्हता. आम्ही चौथीच्या पुस्तकापासून सुरुवात केली. आज शिकवलेलं परवा पुसलं जायचं. पावसाळ्यात एकदा मी इतकी ओरडले की ती रडायला लागली, आणि मी वर्गाबाहेर जाऊन खांबाला टेकून उभी राहिले. सिस्टर मागून आल्या. "चहा प्या. मग पुन्हा आत जा," म्हणाल्या. मी चहा प्यायले आणि आत गेले. दिवाळीनंतर तिच्याच वर्गातल्या आणखी पाच मुली आपणहून सातला येऊ लागल्या. त्यांनाही भागाकार येत नव्हता, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

बोर्डाच्या परीक्षेत त्या पाचही जणी पास झाल्या. ती गणितात नापास झाली, चार गुणांनी. बाकी सगळ्या विषयांत ती पास होती.

भिंतीवर नवा आकडा टाकायला पेंटर आला. कुणी म्हणालं, यंदाचं वर्ष राहू द्या. काही पालक कुजबुजत होते. "जो आहे तो आकडा टाका," सिस्टर पेंटरला म्हणाल्या, आणि त्याचं काम संपेपर्यंत उन्हात उभ्या राहिल्या. मीही त्यांच्या शेजारी उभी राहिले. लाज वाटत होती, पण ती नापास झाल्याची नव्हती; वर्षापूर्वीच्या त्या मीटिंगची होती.

त्याआधी, निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सातला मी शाळेत गेले. ती येईल याची खात्री नव्हती. शाळा बंद, वसतिगृह रिकामं. ती पायरीवर बसली होती. आदल्या संध्याकाळच्या जीपने येऊन सिस्टरांकडे राहिली होती. "पुन्हा बसायचंय," एवढंच म्हणाली. पुरवणी परीक्षेपर्यंत आम्ही एकही दिवस चुकवला नाही. गणितात तिला अडतीस मिळाले. तिच्या आईने मोहाच्या पानांत बांधून भगर आणली आणि माझ्यापुढे ठेवली.

पुढे ती अकरावी-बारावी करून नर्सिंगला गेली. आता धुळ्यात एका दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात असते. औषधाची मात्रा काढताना तीनदा तपासते, असं तिनेच मला फोनवर सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी जळगावच्या एका मोठ्या शाळेत माझी मुलाखत झाली. आबा थकले आहेत, मी जवळ यावं असं त्यांना वाटत होतं. संस्थेचे गृहस्थ आदराने बोलले. कामही पसंत होतं. मग ते म्हणाले, "आमच्याकडे दहावीची काळजी नसते, मॅडम. कच्ची पोरं आम्ही नववीतच वेगळी करतो."

"त्यांना शिकवतं कोण?" मी विचारलं.

ते हसले. माझा विनोद आहे असं त्यांना वाटलं असावं.

घरी येऊन आबांना सगळं सांगितलं. त्यांनी कोपऱ्यातल्या माझ्या बॅगेकडे पाहिलं. मग म्हणाले, "साक्रीची पहिली गाडी कितीची?"

"पावणेसहाची."

"मंग डबा आताच भरून ठेव," आबा म्हणाले, आणि बॅगेची चेन अडकत होती ती स्वतः खाली बसून नीट करू लागले.