हौदापाशी थांबलेली रिक्षा

सत्तावीस वर्षं टांगा हाकल्यावर हैदरभाईंनी घोडी विकून रिक्षा घेतली. पहिल्या दिवशी मनात एकच प्रश्न होता: टांग्याची रोजची माणसं आता आपल्याकडं येतील का?

पहिल्या आल्या त्या नाटकातल्या सारजाबाई. तालमीला त्या कायम हैदरभाईंच्याच टांग्यातून जायच्या. हैदरभाईंनी सवयीनं जीभ टकटक वाजवली, मग लाजून रिक्षाचा दांडा ओढला. गाडी झोकात निघाली. पण गुलमंडीच्या अलीकडं, घोडी जिथं पाणी प्यायची त्या हौदापाशी, ब्रेक आपोआप दाबला गेला.

"काय हो हैदरभाई, रिक्षाला तहान लागली व्हय?"

"माफ करा बाई, पायाला जुनी आदत हाय. निघतो लगेच." हैदरभाईंचा चेहरा पडला. गेलं हे गिऱ्हाईक, असं त्यांना वाटलं.

"मग निघायची घाई कशाला?" सारजाबाईंनी पिशवीतून नाटकाची वही काढली. "तुमची घोडी पाणी पिईपर्यंत माझं एक पान पाठ व्हायचं. घरी कुठं जमतंय? रोज इथं थांबायचं बरं का!"

हैदरभाईंनी इंजिन बंद केलं. मागच्या सीटवर सारजाबाई महाराणी होऊन प्रधानावर गरजू लागल्या, तसा पलीकडचा पंक्चरवाला हातातली ट्यूब तशीच धरून ऐकत राहिला.