प्रेसला दिलेली अन्नपूर्णा

१४ जून, शनिवार. डब्लिनजवळच्या ल्यूकनहून, आमच्या घरून, निघालो सकाळी सव्वासातला. हजर: मी, नवरा, आमची मुलगी (वय सतरा, कानात इअरफोन). गैरहजर: आई, म्हणजे माझ्या सासूबाई. मागच्या दिवाळीनंतर नागपूरच्या घरी त्या वारल्या. सामान: दोन बॅगा, थर्मास, तिखटमिठाच्या पुऱ्या, चार छत्र्या. माणसं तीन असताना छत्र्या चार घेतल्या गेल्या, हे गाडी सुरू झाल्यावर लक्षात आलं. आईंची चष्म्याची रिकामी केस यादीत नव्हती. ती निघता निघता मी पर्समध्ये टाकली.

खरं सांगायचं तर त्या सकाळी देवावर माझा फारसा विश्वास उरलेला नव्हता. भांडण नव्हतं, तक्रारही नव्हती. संध्याकाळी फोनचा गजर वाजला की दिवा लावायचा, रामरक्षा म्हणायची आणि मनातल्या मनात त्या कामापुढे बरोबरची खूण करायची, एवढंच चाललं होतं. आई होत्या तोवर, नागपुरातून का होईना, त्यांची भक्ती घरात असायची आणि मला वेगळी करावी लागत नसे. त्या गेल्यावर कळलं, की मी त्यांच्याच उबेत बसले होते. त्यांना आवडलेल्या जागा पुन्हा एकदा बघून याव्यात, हे माझ्याच डोक्यात आलं. दोन दिवसांचा आराखडा केला. कशासाठी जायचं, एवढं मात्र त्यात लिहिता आलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही आयर्लंडला आलो तेव्हा शॅननला राहायचो. नवऱ्याची नोकरी तिथल्या औद्योगिक वसाहतीत होती. आम्हाला येऊन चार महिने झाले आणि आई तीन महिन्यांसाठी आल्या. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "इथं देऊळ नाही म्हणून मी काय नमस्कार नाही करू का?" आणि समोर दिसेल त्या चर्चमध्ये जाऊ लागल्या. बाहेर चपला काढायच्या. मी म्हणायचे, आई, इथे काढत नाहीत. त्या म्हणायच्या, "तू नको काढू, मी काढतो." त्यांचं वऱ्हाडी वळण असं, की बाई असूनही 'करतो', 'येतो'. मेरीच्या मूर्तीसमोरच्या बाकावर बसून त्या अन्नपूर्णास्तोत्र म्हणत. त्यांच्या पर्समध्ये चष्म्याच्या जुन्या केसमध्ये चार तांदळाच्या दाण्यांवर त्यांची माहेरची अन्नपूर्णा असे. पितळेची, अंगठ्याएवढी, हातात पळी. लग्नात गौरीहर पुजताना त्यांच्या आईने दिलेली. स्तोत्र म्हणताना तिला बाकावर ठेवायची, मग परत केसमध्ये.

त्या उन्हाळ्यात एका रविवारी आम्ही फेरीबोटीने शॅनन नदी ओलांडून केरीत गेलो. एका दिवसात तीन चर्चं, दोन समुद्रकिनारे. प्रत्येक जागेला वीस मिनिटं, कारण परतीच्या बोटीची वेळ माझ्या डायरीत लिहिलेली होती. आई कुठेतरी रेंगाळल्या आणि मी हॉर्न वाजवला, हे मला पक्कं आठवतं. कुठे, ते आठवत नव्हतं. बोटीत बसल्यावर त्यांनी पर्स चाचपली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अगं, माझी अन्नपूर्णा राहिली. ती फुलं लावणारी बाई होती ना, तिनं प्रेसला दिली."

"प्रेसला?" नवरा हसला. "आई, इस्त्रीवाल्याकडे? देवीची साडी चुरगळली होती का?"

"हसू नको बापा. मी मोरीत गेलो होतो. ती म्हणाली, प्रेस, प्रेस. मी बरं म्हटलं. मग हिनं भोंगा वाजवला अन् मी तशीच आलो."

नागपुरात कपडे प्रेसला देतात. केरीतल्या खेड्यातल्या चर्चमध्ये कोण कशाला इस्त्रीला देईल? कुठल्या चर्चमध्ये, असं विचारलं तर म्हणाल्या, "निळ्या मेरीच्या." निळी मेरी तिन्हीकडे होती. मी समजूत घातली, की ती पर्समधून कुठेतरी पडली असेल. त्या म्हणाल्या, "मी येडी आहो का?"

पुढचं लिहायला जड जातं, पण लिहिते. त्याआधी महिनाभर त्या लहानसहान गोष्टी विसरत होत्या. गॅस, चष्मा, औषध. नागपूरच्या डॉक्टरांना दाखवायला मी एक यादी केली. अकरा कलमं, नीट क्रमाने. चौथं कलम: 'माहेरची मूर्ती हरवली. इस्त्रीला दिली असं सांगतात.' डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, लक्ष ठेवा. आम्ही ठेवलं, सुट्टीत नागपूरला गेलो की स्वतः आणि एरवी फोनवरून. त्यांना एकट्याने बँकेत जाऊ दिलं नाही, गॅसजवळ उभं राहू दिलं नाही. त्या काही सांगू लागल्या की आम्ही एकमेकांकडे बघायचो, आणि ते त्यांना दिसायचं. नातेवाइकांना फोन करून ही बातमी मीच दिली होती, अन्नपूर्णेच्या गोष्टीसकट. वर्षभर त्या फोनवर विचारत राहिल्या, "त्या प्रेसवाल्या बाईकडे जाऊन आली का?" मी म्हणायचे, हो आई, बघते. मग त्यांनी विचारणं सोडलं. मला वाटलं, विसरल्या.

तर यंदाचा प्रवास. शनिवारी शॅननला मुक्काम आणि रविवारी केरी, असा माझा बेत होता. शुक्रवारी रात्री पाहते तर केरीतल्या ट्रली गावातली खोली मी रविवारऐवजी शनिवारची घेऊन ठेवलेली. अशी चूक माझ्या हातून आजवर झालेली नाही. नवरा म्हणाला, "तारीख लिहून ठेवा पंचांगात, बाईसाहेब चुकल्या." मी चरफडत सगळं उलटंपालटं केलं. शॅननमधल्या जुन्या घरासमोर दहा मिनिटं थांबलो. आई ज्या कठड्यावर बसून ऊन खायच्या, तिथे आता कुणाच्या तरी कुंड्या आहेत. मग बोट. पलीकडे उतरल्यावर पहिलं चर्च. मी बाकावर बसले, केस उघडली, आत अजून दोन तांदूळ अडकलेले दिसले. हात जोडले. काहीच झालं नाही. किनाऱ्यावर गेलो, तिथेही आई नव्हत्या. वारा तोच, गवत तेच, दगडी कुंपणं तीच, आणि मला इतकं पोरकं वाटलं की मी नवऱ्याला म्हटलं, परत जाऊ या का?

दुसरं चर्च ट्रलीच्या अलीकडे. तिथे कसलीशी विक्री चालली होती, केक आणि जुनी पुस्तकं. आम्हाला बळेच चहाला बसवलं. केटलीशी उभ्या असलेल्या बाईंनी माझ्या मुलीला हाक मारून सांगितलं, "कप्स आर इन द प्रेस, लव्ह." मुलगी सरळ उठली आणि भिंतीतलं कपाट उघडून कप घेऊन आली.

मी हातातली बशी खाली ठेवली. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात, हे मला काय नव्याने कळत होतं? आमच्या घरात तोच शब्द चालतो. मीच दिवसातून चार वेळा म्हणते, साखर प्रेसमध्ये आहे, टॉवेल हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, आहेत. पण ते सगळं नंतर, ल्यूकनला राहायला गेल्यावर. बोटीवरचा तो शब्द आईंच्या तोंडून आला होता, म्हणून माझ्या कानात तो नागपूरचाच राहिला. नऊ वर्षं. त्या बाईने सांगितलं होतं, मी ही कपाटात नीट ठेवते. आईंनी ऐकलं होतं तसंच्या तसं सांगितलं होतं. विसरलं कुणीच नव्हतं.

नवऱ्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "मी इस्त्रीवाला म्हणून हसलो होतो गं." तिथल्या बायकांनी त्यांचं कपाट उघडून दाखवलं. कप, बशा, नाताळचे दिवे. नव्हती. पहिल्या चर्चला त्यांनीच फोन लावून दिला. तिकडच्या माणसाने जाऊन पाहिलं. नव्हती.

तिसरं चर्च ट्रलीच्या पुढे, समुद्राला लागून. पोचलो तेव्हा पाऊस तिरपा लागला होता. दाराला कुलूप. कागद चिकटवलेला: प्रार्थना महिन्यातून एकदा. त्यावरचा फोन नंबर भिजून पुसला गेलेला. आजूबाजूला घर नाही, मेंढ्या तेवढ्या. नवरा म्हणाला, "अगं, उद्या चौकशी करू." मुलगी म्हणाली, "आई, इट्स ग्रँड, वी'ल कम बॅक." मी दारासमोर उभी राहिले. पुढे काय करायचं, हे मला सुचेना. हे माझ्या बाबतीत फार क्वचित होतं. मग मी बूट काढले, का ते सांगता येणार नाही. ओल्या पायरीवर उभी राहून म्हटलं, आई, माझ्याकडे आता काही उपाय नाही. स्तोत्र आठवेना. एवढंच म्हटलं.

पाच मिनिटं झाली असतील. एक जुनी व्हॅन येऊन थांबली. टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ उतरले, मागे कुत्रा. माझ्या पायांकडे पाहून त्यांनी विचारलं, बूट हरवले का? म्हटलं, नाही, मूर्ती हरवली आहे. ते हसले नाहीत. किल्ली काढता काढता म्हणाले, की ते महिन्यातून एकदाच येतात, दुसऱ्या शनिवारी, पितळेची भांडी घासायला. आधी हे काम त्यांची बायको करायची. ती दोन वर्षांपूर्वी गेली. फुलंही तीच लावायची.

मागच्या लहान खोलीत भिंतीतलं हिरव्या रंगाचं कपाट होतं. त्यांनी ते उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला, खिळ्याला अडकवलेल्या पुठ्ठ्यावर, बारीक सुबक अक्षरात एक यादी. मेणबत्त्यांचे स्टँड चार. घंटा. पाण्याचा लहान तांब्या. आणि शेवटची ओळ: 'चमचा घेतलेली छोटी बाई. पाहुण्यांची आहे. परत येतील.'

ती खालच्या फळीवर, पांढऱ्या घडीच्या रुमालावर बसलेली होती. नऊ वर्षं कपाटात राहिलेलं पितळ काळं पडायला हवं. ती लखलखत होती. आधी त्या बाईंनी आणि मग त्यांच्या नवऱ्याने, यादीत आहे म्हणून, दर महिन्याला तिला घासलं होतं. ती कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटे, कुठल्या तरी देशाची मेरी असेल. "माझी बायको म्हणायची, ही स्वयंपाक करते आहे, हिला घाई करू नका." बुडावर आईंच्या माहेरचं नाव घातलेलं होतं. घासून घासून अक्षरं पुसट झाली होती, पण बोटाला लागत होती.

मी रडले. किती वेळ, ते पाहिलं नाही. मुलीने इअरफोन काढले आणि माझ्या पर्समधली केस उघडून धरली. स्वच्छ मराठीत म्हणाली, "आई, आज्जी बरोबर होती ना?" नवरा खिडकीतून समुद्राकडे बघत राहिला.

निघताना त्या गृहस्थांनी खिशातून पेन्सिल काढली, शेवटची ओळ खोडायला. हात तिथेच थांबला. मी म्हटलं, राहू द्या. ते म्हणाले, "मग पुढच्या महिन्यात या ओळीपाशी आलो की मी काय करू?"

"थोडा वेळ थांबा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, काम समजलं अशी.

याला चमत्कार म्हणावं का, मला माहीत नाही. मी चुकीची तारीख टाकली, म्हणून आम्ही त्या शनिवारी तिथे होतो. ते त्याच शनिवारी येतात. एवढंच मी सांगू शकते. यादी करणारी मी एकटी नाही, हे मात्र तिथे कळलं. मी माझ्या माणसाच्या चुका लिहून ठेवल्या होत्या. त्या बाईंनी एका परक्या बाईची वस्तू लिहून ठेवली, परत येतील या भरवशावर, आणि तो भरवसा त्यांच्यामागेही कामाला लागला. माझ्या आराखड्यात अशा भरवशाला जागाच नव्हती. आता दिवा लावते तेव्हा गजर लावत नाही. कधी उशीर होतो. अन्नपूर्णा समोर असते, तिची पळी चमकते, आणि थोडा वेळ मी नुसती थांबते. ज्यांचे आभार मानायचे त्या दोघीही आता नाहीत. म्हणून तिच्याच पायाशी मानते.

परत आल्यावर जुनी फाईल काढून चौथं कलम खोडलं. उरलेल्या दहांकडे पाहिलं. त्यांतलं काय खरं होतं, हे आता तपासता येणार नाही. मग नवी यादी केली: नऊ वर्षांपूर्वी मी ज्यांना ज्यांना फोन करून सांगितलं होतं, की आईंनी माहेरची मूर्ती हरवली, त्यांची. सात नावं. सहा फोन झाले. सातवं नाव आईंच्या धाकट्या बहिणीचं. त्या तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, "माझ्या बहिणीला नीट विचार. ती खोटं नाही सांगत." मी तेव्हा चिडून फोन ठेवला होता.

नागपुरात आता दुपारचे चार वाजलेत. मावशी उठून चहा घेत असतील. नंबर समोर लिहिलेला आहे. त्यापुढची खुणेची जागा अजून कोरी आहे.