कै. दवाखाना

अख्ख्या पनवेलात मेलेल्या कॉम्प्युटरचं सुतक पाळणारा एकच माणूस आहे, आणि तो आमच्या नशिबी आला. माझ्या सुनेचे मामा; मुलगा-सून परगावी, हे मात्र इथेच. आयुष्य कारकुनीत गेलं. निवृत्त झाल्यावर लोक देवदेव करतात, हे ऑफिसांतले जुने कॉम्प्युटर गोळा करायला लागले. घरी जागा नाही म्हणून माझ्या ओटीवर आणून ठेवायचे. प्रत्येकावर कागद चिकटवायचे: ‘कै. हिशेब विभाग’, ‘कै. मोठे साहेब’. सरकारमान्य कारखान्याचा ट्रक महिन्याने येई, कारखानेवाले ते नेऊन त्यांची काच, लोखंड, तांबं वेगळं करत आणि पावती देत. ती पावती मामा ऑफिसात नेऊन पोचवत, तेराव्याचे लाडू दिल्यासारखे. ट्रकात चढवण्याआधी प्रत्येकाच्या पोटातली डिस्क काढून तिला ड्रिलने भोकं पाडायची. मी एकदा म्हटलं, “मेलेल्याला कशाला टोचता?”

“विहीणबाई, मशीन मेलं तरी पोटात माणसं जिवंत असतात हो.”

मी हसले होते.

गेल्या वर्षी त्यांनी एका बाईडॉक्टरच्या दवाखान्यातल्या डिस्कांचं खोकं ठेवलं. ड्रिल बिघडलं होतं, म्हणाले रविवारी येतो. त्याच आठवड्यात माझे वाल वाळत घालायचे होते आणि ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. भंगारावर भांडी देणारा टेम्पो दारात आला. मी खोकं दिलं, झाकणाचा स्टीलचा डबा घेतला. खोक्यावर ‘कै. दवाखाना’ लिहिलेलं होतं. मी चौथी शिकले आहे. वाचलं नाही म्हणायची सोय नाही.

रविवारी मामा ड्रिल घेऊन आले. “खोकं कुठंय?”

“मला काय माहीत? चोरीला गेलं असेल,” मी म्हणाले. तोंडातून किती सहज आलं!

तीन दिवस ते सुकापूरपासून नेऱ्यापर्यंत भंगाराची दुकानं पालथी घालत फिरले. कुठे वायरी जाळलेल्या, कुठे कॉम्प्युटरातल्या हिरव्या पट्ट्यांचे ढीग. डिस्क एकही नाही. मग स्वतःच डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि “हलगर्जीपणा माझा” असं सांगून आले. बायकांची दुखणी होती त्यात, नावागावासकट. बाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. बातमी पसरली, मग बाकीच्या ऑफिसांनीही बोलावणं बंद केलं.

चोराला मी चार शिव्या घातल्या, माझं पाप झाकायला. तर मामाच मला थांबवायला लागले. “नका हो. त्या बिचाऱ्याला वाचता येत नसेल. आलं असतं तर नेलं नसतं.”

मी चहाचे कप उचलून आत गेले.

आता ओटी मोकळी आहे. वाल ऐसपैस वाळतात. डबा मी माळ्यावर टाकलाय, काही भरवत नाही त्यात. मामा अजून रविवारी येतात, हाताला काम नाही म्हणून वालातले खडे निवडत बसतात. दर वेळी ठरवते, आज सांगायचं. ते उठतात, चपला घालतात, आणि फाटकाशी वळून म्हणतात,

“कडी नीट लावून घ्या हो, विहीणबाई. एकट्या असता.”